डोंगर हलताना दाखवायचा कसा? भूदृश्याचं विज्ञान कलेतून मांडू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

नदीकाठी उभ्या असलेल्या माणसाला नदी दिसते; ती काय करतेय ते दिसत नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूला ती काठ पोखरते, आतल्या बाजूला वाळू टाकते, आणि हे करता करता अख्खं पात्र बाजूला सरकत जातं. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं तर पन्नासेक वर्षं त्याच जागी बसून राहावं लागेल. डोंगरउताराचं तेच, हिमनदीचं तेच, मातीचं तर विचारूच नका. भूदृश्याच्या विज्ञानात डोकं फुटेल असं अवघड फारसं नसतं, अडचण असते ती मापाची. काळ फार मोठा, जागा फार मोठी, वेग फार कमी.

हे माप बदलून माणसाच्या हातात देणं, हे कलेचं इथलं काम. संशोधन संपल्यावर अहवालाला देखणं मुखपृष्ठ करून देणं हे वेगळं काम आहे आणि ते करणारी माणसं वेगळी. खालच्या सूचना शास्त्रज्ञ, चित्रकार, नाटकवाले, शिक्षक, संग्रहालयात काम करणारे अशा कोणालाही वापरता येतील. क्रम शक्यतो पाळा. पहिली दोन कामं टाळून थेट रंग-ब्रश काढले की पुढे अडकायला होतं.

आधी क्रियापद शोधा

बहुतेक जण विषयाच्या नावापासून सुरुवात करतात. "आम्हाला पाणथळ जागांवर काहीतरी करायचंय." यातून साधारणपणे एक भित्तिचित्र निघतं: मधोमध तळं, चार बगळे, खाली घोषवाक्य. वाईट नसतं, पण ते पाहून कोणाला नवं काही कळत नाही.

त्याऐवजी विचारा, पाणथळ जागा *काय करते*? पुराचं पाणी अडवून धरते आणि सावकाश सोडते. आता हातात दोन क्रियापदं आली. अडवणं आणि सोडणं नाचता येतं, वाजवता येतं, खऱ्या पाण्याने दाखवता येतं. "पाणथळ जागा" हे नाम नाचता येत नाही.

मग एक वाक्य लिहा: कोण, काय करतं, कशामुळे आणि किती वेळात. उदाहरणार्थ, "उतारावरची झाडं तोडली की लगेच काही होत नाही, जमिनीतली मुळं कुजत जातात, आणि साधारण ३ ते १५ वर्षांच्या काळात उतार घसरण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो." या वाक्यात नाट्य आयतंच आहे. कुऱ्हाड चालते तेव्हा काही घडत नाही, आणि घडतं तेव्हा कुऱ्हाडीची आठवण कोणालाच नसते. असं एक वाक्य मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. दोन वाक्यं मिळाली तर दोन कामं करा. एकात कोंबू नका.

सोबत आणखी एक गोष्ट तपासायची: लोकांच्या डोक्यात याचं आधीपासून कोणतं चित्र आहे? पाच-दहा जणांना कोरा कागद द्या आणि जमिनीखालचं पाणी काढायला सांगा. बरेच जण जमिनीखाली तळं किंवा नदी काढतील. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ते पाणी वाळूच्या कणांमधल्या फटींत आणि खडकाच्या भेगांत असतं. तुमचं काम या चित्राला भिडलं नाही, तर प्रेक्षक तुमचं काम पाहील, वाहवा करेल आणि डोक्यातलं तळं तसंच घेऊन घरी जाईल.

मापाचा हिशेब कागदावर मांडा

हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि म्हणून टाळला जातो. टाळू नका, कारण कलाकृतीची कल्पना पुष्कळदा इथेच सापडते.

वेगापासून सुरू करा. वर्षाला १ मिलिमीटर हा वेग कोणालाही नगण्य वाटतो. त्याच वेगाने १० लाख वर्षांत १ किलोमीटर होतो. डोंगर उचलला जाण्याचे आणि झिजण्याचे वेग पुष्कळदा याच पातळीवरचे असतात, त्यामुळे हे एक समीकरण पाठ असलेलं बरं.

मग काळ. समजा १२ मिनिटांचा प्रयोग आहे आणि १ मिनिट म्हणजे १,००० वर्षं धरली. शेवटचं हिमयुग संपून सुमारे ११,७०० वर्षं झाली, म्हणजे तेव्हापासून आजपर्यंतचा सगळा काळ या प्रयोगात बसतो. गेली दोनशे वर्षं शेवटच्या १२ सेकंदांत येतात. त्या १२ सेकंदांत रंगमंचावर काय करायचं, या एका प्रश्नावर अख्खा प्रयोग उभा राहू शकतो.

उंचीचं गणित जरा फसवं आहे. ५० किलोमीटर लांबीचा प्रदेश १ मीटर रुंद कागदावर काढला, तर ५०० मीटर उंचीचा डोंगर अवघा १ सेंटिमीटर भरतो. बघणारा म्हणतो, हा कसला डोंगर! म्हणून भूगोलाची बहुतेक चित्रं आणि प्रतिकृती उंची फुगवून दाखवतात. त्यात पाप काही नाही. माणसाची नजर तशीही चढ फुगवूनच पाहते. ५ अंशांचा चढ लोकांना सुमारे २० अंशांचा वाटतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण पाचपट फुगवलेला उतार पाहून कोणी "इथे घर बांधणं धोक्याचं" असं ठरवणार असेल, तर फुगवटा सांगायलाच हवा. बारीक अक्षरातली तळटीप कोणी वाचत नाही. सोपा उपाय असा, की चित्राच्या तळाशी तोच प्रदेश खऱ्या प्रमाणात एका बारीक रेषेने काढून टाका. बघणारा आपोआप दोन्हींची तुलना करतो.

आधीच्यांनी काय केलं ते पाहून घ्या

जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट १८०२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो या ६,२६३ मीटर उंच ज्वालामुखीवर चढायला गेला. शिखर काही त्याला गाठता आलं नाही. पुढे १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चित्रात डोंगराची एक बाजू रंगवलेली आहे आणि दुसरी बाजू कापून त्या त्या उंचीवर वाढणाऱ्या वनस्पतींची नावं आत लिहिली आहेत. कडेला हवेचा दाब, तापमान वगैरेंचे रकाने. लांबून चित्र, जवळून तक्ता. दोन अंतरांवरून वाचता येणारं काम कसं असतं, ते यावरून शिकण्यासारखं आहे.

अमेरिकी भूवैज्ञानिक मेरी थार्पचं उदाहरण मला जास्त उपयोगाचं वाटतं. १९५०च्या दशकात ती ब्रूस हीझन या सहकाऱ्याबरोबर जहाजांनी मोजलेल्या खोलीच्या नोंदींवरून अटलांटिक महासागराचा तळ रेखाटत होती. शीतयुद्धाचे दिवस होते, तपशीलवार खोली दाखवणारे समोच्च रेषांचे (सारख्या उंचीची किंवा खोलीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचे) नकाशे अमेरिकी नौदलाने गोपनीय ठरवले होते. तेव्हा त्यांनी दुसरी वाट धरली: तिरक्या नजरेने पाहिल्यासारख्या डोंगररांगा आणि दऱ्या रेखाटायच्या. उत्तर अटलांटिकचं असं चित्र १९५७ मध्ये आलं, आणि ऑस्ट्रियाचा चित्रकार हाइनरिश बेरान याने रंगवलेला साऱ्या जगाच्या सागरतळाचा नकाशा १९७७ मध्ये. समोच्च रेषा वाचायला शिकावं लागतं; डोंगर ओळखायला शिकावं लागत नाही. महासागराच्या मधोमध पर्वतरांग आहे आणि तिच्या माथ्यावरून खचदरी जाते, हे सामान्य माणसाला या चित्रांतून एका नजरेत कळलं. खोलीच्या आकड्यांची वही कोणी उघडली नसती.

पण याच चित्रांत एक गोम आहे. जहाजांच्या वाटांमध्ये प्रचंड मोठ्या जागा मोजल्याच गेल्या नव्हत्या. थार्पने त्या भूशास्त्राच्या आधारे, पण तर्कानेच भरल्या. चित्र पाहताना मोजलेला डोंगर कोणता आणि तर्काचा कोणता, हे कळत नाही.

हॅरॉल्ड फिस्क या भूवैज्ञानिकाने १९४४ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले नकाशे म्हणजे रंगीबेरंगी फितींचा गुंता आहे, प्रत्येक फीत म्हणजे नदीचं एकेकाळचं पात्र. लोक आजही ते दिवाणखान्यात लावतात, आणि नदी जागची हलत नाही हा समज त्या एका चित्राने मोडतो. मात्र त्यातल्या जुन्या पात्रांची फिस्कने ठरवलेली वयं पुढच्या संशोधनात बरीच बदलली. चित्र इतकं देखणं, की चुकलेली कालगणनाही त्याच्याबरोबर भिंतीभिंतीवर टिकून राहिली. देखणेपणाची ही किंमत कामाला हात घालण्याआधी माहीत असलेली बरी.

माध्यम क्रियापदावरून ठरवा

"मी चित्रकार आहे म्हणून चित्र" हे कारण पुरेसं नाही. क्रिया कशी आहे ते पाहा.

सावकाश बदल असेल तर एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा घेतलेली छायाचित्रं. त्यासाठी कॅमेरा भारी असण्याची गरज नाही. जागा, दिशा, चौकट आणि ऋतू न बदलणं महत्त्वाचं. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये सुरू झालेल्या कोस्टस्नॅप उपक्रमात किनाऱ्यावर फोन ठेवायला एक खाचा असलेला खांब उभारतात. येणारा-जाणारा फोटो काढून पाठवतो आणि त्यांतून पुळण किती सरकली हे मोजता येतं. प्रेक्षकच इथे मोजणीदार होतो.

पातळी दाखवायची असेल तर रेषेसारखं दुसरं साधन नाही. ईव्ह मोशर या कलाकर्तीने २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या सखल भागांत समुद्रसपाटीपासून १० फूट उंचीची रेषा खडूच्या भुकटीने रस्त्यावर ओढली, मैदानावर पट्टे मारायच्या ढकलगाडीने. लोक थांबायचे, विचारायचे, आणि ती सांगायची की पाणी इथवर येऊ शकतं. पाच वर्षांनी सँडी वादळाचं पाणी त्या शहराच्या किनारी भागांत शिरलं. नकाशावरची निळी छटा पाहून कोणी अंगावर घेत नाही. स्वतःच्या दारावरून गेलेली रेषा घ्यावीच लागते.

सतत चालणाऱ्या, न दिसणाऱ्या हालचालींना आवाज जमतो. अलास्कात फेअरबँक्सच्या संग्रहालयात जॉन ल्यूथर अ‍ॅडम्स या संगीतकाराने २००६ मध्ये एक खोली तयार केली. तिथले आवाज आणि प्रकाश भूकंपमापकांच्या नोंदी, सूर्याची स्थिती, चुंबकीय हालचाली यांच्यानुसार त्या त्या क्षणी बदलतात. नवख्यांना एक सावधगिरी: आकड्यांना सूर लावणं संगणकामुळे फार सोपं झालंय. काय वाढलं की सूर चढतो हे ऐकणाऱ्याला आधी दोन वाक्यांत सांगितलं नाही, तर उरतं ते नुसतं गूढ संगीत.

वस्तूच समोर आणून ठेवायची, हाही मार्ग आहे. कलाकार ओलाफुर एलियासन आणि भूवैज्ञानिक मिनिक रोझिंग यांनी ग्रीनलंडच्या खाडीतले बर्फाचे मोठे तुकडे २०१४ मध्ये कोपनहेगनला, २०१५ मध्ये पॅरिसला आणि २०१८ मध्ये लंडनला चौकात ठेवले. लोकांनी त्यांना हात लावला, कान लावला. बर्फ इतक्या लांब आणण्यात किती इंधन जळालं, हा प्रश्न साहजिकच आला. तुमच्याही कामाला तो येणार, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

माझं वजन मात्र पुढच्या दोन माध्यमांच्या पारड्यात आहे, कारण त्यांत करताना विज्ञान घडतं आणि खर्च बेताचा असतो.

वाळूच्या ट्रेमधली नदी

दीड मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि हातभर नव्हे पण वीतभर खोल असा ट्रे घ्या. खालच्या टोकाला भोक, भोकाखाली बादली, बादलीत मत्स्यालयात वापरतात तो छोटा पंप आणि पाणी पुन्हा वर नेणारी नळी. धुतलेली बारीक वाळू भरा, आधी पूर्ण भिजवून घ्या, नाहीतर पाणी जिरतच राहील. वरचं टोक दोन-तीन सेंटिमीटर उचला. धार थेट वाळूवर पडू देऊ नका, खाली स्पंजचा तुकडा ठेवा. बोटाने एक सरळ चर ओढा आणि पाणी सोडा.

पहिल्या काही मिनिटांत चराच्या कडा ढासळायला लागतात, चर पसरट होतो, मधे वाळूची बेटं उठतात आणि पाणी त्यांच्याभोवती फाटे फोडून वाहतं. खालच्या टोकाला पाणी साचू दिलं तर तिथे पंख्याच्या आकाराचा त्रिभुज प्रदेश वाढायला लागतो. आता खरी गंमत. प्रवाहाच्या मधोमध चमच्याने एक खड्डा करा. खड्ड्याच्या वरच्या कडेला एक छोटी पायरी तयार होते, तिच्यावरून पाणी धबधब्यासारखं पडतं आणि ती पायरी एकेक सेंटिमीटर मागे, *उगमाच्या दिशेने* सरकत जाते. मागे जाता जाता तळ खोल करते, आणि तळ खोल झाला की वरचे काठ कोसळतात. नदीतून वाळू उपसली की नुकसान खाली होतं, असं बहुतेकांना वाटत असतं. वरच्या बाजूला काठावर ठेवलेलं खेळण्यातलं घर डोळ्यांसमोर आत पडतं, तेव्हा वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. पहिली पाच मिनिटं तुम्ही बोलूच नका. प्रेक्षकांना खणू द्या, बांध घालू द्या, घरं मांडू द्या. वर एक कॅमेरा टांगून दर वीस सेकंदांना फोटो घेतला, तर दिवसाच्या शेवटी त्यांनीच घडवलेल्या नदीची छोटी फिल्म तयार होते.

या ट्रेची मर्यादाही सांगा, ती फार बोलकी आहे. नुसत्या वाळूत नागमोडी नदी टिकत नाही, कारण काठाला धरून ठेवणारं काही नसतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या मोठ्या ट्रेमध्ये वळणं टिकवून दाखवली ती लसूणघासाचे अंकुर उगवून, मुळांनी काठ बांधून. तुमच्याकडे आठवडाभर असेल तर दोन ट्रे ठेवा, एक उघडा आणि एक अंकुर उगवलेला. दोन्हींत सारखंच पाणी सोडा.

संगणक जमणारा माणूस सोबत असेल तर वाळूवर प्रोजेक्टरने समोच्च रेषा आणि उंचीचे रंग टाकणारी सँडबॉक्सही करता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेने तिचं सॉफ्टवेअर विनामूल्य ठेवलं आहे. वाळूचा डोंगर करा, रेषा बदलतात. वर हात धरा, आभासी पाऊस पडतो. समोच्च रेषा शिकवायला याहून चांगलं साधन मी पाहिलेलं नाही. पण नदी काठ कसा पोखरते ते ती दाखवत नाही, त्यासाठी खरं पाणीच लागतं.

मातीचे रंग

वेगवेगळ्या जागची मूठमूठ माती गोळा करा. मुळं, खडे काढा, सावलीत वाळवा, कुटा, बारीक चाळणीतून चाळा. मग उंच काचेच्या बरणीत पाण्यात ढवळा आणि थांबा. इथे घड्याळ हातात घ्या. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जाड वाळूचे कण पाऊण मिनिटाच्या आसपास १० सेंटिमीटर खाली बसतात. चिकणमातीचे ०.००२ मिलिमीटरचे कण तेवढंच अंतर उतरायला सुमारे ८ तास घेतात. म्हणून मिनिटभराने वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि ते रात्रभर ठेवायचं. सकाळी तळाशी लोण्यासारखा मऊ साका मिळतो, तोच रंग. पाणी थबकल्यावर वाळू लगेच बसते आणि चिकणमाती दूरवर, संथ पाण्यापर्यंत वाहत जाते, हे सगळं त्या बरणीत दिसलेलं असतं. रंग करण्याची कृती हाच अर्धा धडा आहे, म्हणून तयार रंग वाटू नका. गटाकडूनच करून घ्या.

साका वाळवून डिंकाच्या पाण्यात घोटायचा: एक भाग डिंक, दोन भाग गरम पाणी, आणि रंग तडकू नये म्हणून मधाचे दोन-चार थेंब. लाल रंग हेमॅटाइटचा, पिवळा गोथाइटचा, दोन्ही लोहाचीच खनिजं. सतत पाण्याखाली राहून हवा न मिळालेली माती निळसर राखाडी दिसते. पिवळी माती तीनशेएक अंशांपर्यंत तापवली की तिच्यातलं पाणी जाऊन ती लाल होते, हा प्रयोग मुलांना भलताच आवडतो (भट्टीजवळ मोठं माणूस हवं). एक धोक्याचं वळण: काळा रंग म्हणजे सेंद्रिय द्रव्य भरपूर, असं सरसकट सांगू नका. काही काळ्या चिकण मातींत सेंद्रिय कर्ब बेताचाच असतो.

चित्र काय काढायचं? माती जिथून आणली तिथला उताराचा छेद, त्याच मातीने. वरची माती वर, पायथ्याची पायथ्याला. नकाशा आपोआप तयार होतो.

कोरडी माती कुटताना आणि चाळताना मास्क लावा. बारीक सिलिकाची धूळ फुप्फुसाला वाईट. रहदारीचे रस्ते, जुने कारखाने, कचराभूमी इथली माती घेऊ नका, तिच्यात शिसं किंवा इतर विषारी धातू असू शकतात. आणि परदेशातून माती आणायचा मोह आवरा, रोग-कीड पसरू नये म्हणून बहुतेक देशांत त्यावर निर्बंध असतात.

शास्त्रज्ञ आणि कलाकार यांचं जमवायचं कसं

पहिली भेट खोलीत नको, जागेवर. दोघांनी दिवसभर एकत्र चालावं, शास्त्रज्ञाने थांबून थांबून सांगावं, कलाकाराने "हे तुला कसं कळलं?" एवढं एकच विचारत राहावं. बहुतेक चांगल्या कल्पना निष्कर्षांतून येत नाहीत, कसं कळलं यातून येतात.

परतल्यावर एका कागदावर तीन रकाने करा: काय बदलता येणार नाही, काय बदललं तर चालेल, काय अजून कोणालाच माहीत नाही. नदी कोणत्या काठाला पोखरते हे पहिल्या रकान्यात. पाण्याचा रंग दुसऱ्यात. अमुक कडा नेमका कधी कोसळेल, हे तिसऱ्यात. हा कागद नसला की शेवटच्या आठवड्यात शास्त्रज्ञ "हे चूक आहे" म्हणतो, कलाकार "हे रूपक आहे" म्हणतो आणि दोघंही खरं बोलत असतात.

पैशांचं आधी बोला. शास्त्रज्ञाला पगार असतो, कलाकाराला नसतो. "प्रसिद्धी मिळेल" हा मोबदला नव्हे. श्रेय कसं लिहायचं तेही आधीच ठरवा. त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं तिसरा पक्ष आहेत. जागा कोणासाठी पवित्र असेल, तिथलं ज्ञान सगळ्यांना सांगण्यासारखं नसेल, तर परवानगी नसताना ते चित्रात घेऊ नका.

जे ठाऊक नाही ते कसं दाखवायचं

"शंभर वर्षांतला पूर" या शब्दांनी जितका गोंधळ केलाय तितका क्वचितच कशाने केला असेल. लोक समजतात, एकदा येऊन गेला म्हणजे आता शंभर वर्षं निवांत. अर्थ एवढाच, की तेवढा पूर येण्याची शक्यता दर वर्षी १ टक्का असते. हे सांगू नका, खेळा. पिशवीत ९९ पांढरे आणि १ लाल मणी टाका. प्रेक्षकाने मणी काढायचा, पाहायचा, परत टाकायचा, असं ३० वेळा, म्हणजे ३० वर्षं त्या घरात राहायचं. साधारण चारातल्या एकाला लाल मणी लागतो. नेमकी शक्यता २६ टक्के येते. एखाद्याला दोनदाही लागतो आणि मग तो जे बोलतो ते कोणत्याही फलकापेक्षा चांगलं असतं.

चित्रात अनिश्चितता दाखवायची तर मोजलेलं ठसठशीत रेषेने आणि तर्काचं तुटक किंवा फिकट रेषेने काढा, आणि काय कशासाठी ते एका ओळीत लिहा.

रंगांबद्दल थोडकं. लाल-हिरव्याची जोडी टाळा. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना तो फरक नीट दिसत नाही, इतरत्र प्रमाण कमी असलं तरी शून्य नाही. इंद्रधनुष्याचे सगळे रंग ओतलेला नकाशा आकर्षक दिसतो आणि नसलेल्या सीमा दाखवतो, कारण पिवळ्याच्या जागी नजर अडखळते. डोंगरांना छाया देताना उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून आलेला दाखवा. खालून दिला तर पुष्कळांना दऱ्या डोंगर वाटतात आणि डोंगर दऱ्या.

लोकांसमोर ठेवण्याआधी आणि ठेवल्यानंतर

अर्धवट अवस्थेत काम तीन-चार अनोळखी माणसांना दाखवा. "आवडलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "इथे काय होतंय?" विचारा आणि गप्प बसा. तुमचं वाक्य त्यांच्या तोंडून, त्यांच्या शब्दांत निघालं तर पुढे जा. नाही निघालं तर फलकावरचा मजकूर वाढवू नका, कामात बदल करा.

जागा निवडताना कलादालनाचा हट्ट नको. तिथे येणारे आधीच तयार असतात. बसथांबा, रुग्णालयातली प्रतीक्षेची खोली, वाचनालयाचा जिना, इथे लोकांना थांबावंच लागतं. खुद्द नदीकाठी किंवा टेकडीवर काम लावता आलं तर उत्तमच, पण मग पाऊस, ऊन, गुरं आणि उत्साही हात यांचा विचार आधी करा, आणि जमिनीच्या मालकाची लेखी परवानगी घ्या.

परिणाम मोजायचा तर येणाऱ्यांची डोकी मोजून भागत नाही. काही जणांचे फोन नंबर त्यांच्या संमतीने घ्या, तीनेक आठवड्यांनी एकच प्रश्न विचारा: "त्यात काय होत होतं, आठवतंय?" सुरुवातीला कोऱ्या कागदावर चित्र काढून घेतलं होतं, तेच पुन्हा काढून घेता आलं तर दोन्ही शेजारी ठेवा. अनुदान देणाऱ्यांनाही ही जोडी आकड्यांच्या तक्त्यापेक्षा लवकर पटते.

कामाच्या पाठीमागे किंवा फलकाच्या कोपऱ्यात मोजमापांची तारीख लिहा: ही माहिती कोणत्या वर्षापर्यंतची, कोणी मोजलेली. काम कायमचं लावलं असेल तर वर्षातून एकदा शास्त्रज्ञाला तिथे नेऊन आकडे तपासून घ्या. रेषा सरकली असेल तर जुनी पुसू नका. तिच्या शेजारी नवी ओढा आणि दोन्हींवर साल घाला.